ठेवलंय ते कुठं हाय?

कागद हातात दिला की पाटील तो आधी उलटा करायचे. बाकीची माणसं आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघतात, फार तर चतुःसीमा तपासतात. पाटील मागची कोरी बाजू बघायचे. तिच्यावरून जाडजूड अंगठा फिरवायचे, कागद पुन्हा सुलटा करायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "सोडलंय ते सगलं लिवलंस, बाय. ठेवलंय ते कुठं हाय?"

मी दस्त लिहिते. अलिबागला नोंदणी कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली माझं टेबल आहे. आधी ते वडिलांचं होतं, त्यांच्या मागं मी बसले. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड पत्र, मृत्युपत्र, जे हवं ते. माझ्या तोंडाला लगाम नाही हे कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीही कधीतरी अशा टेबलासमोर उभे राहिला असाल. तेव्हा आम्ही तुमच्याकडे बघत असतो, हे तुमच्या ध्यानात आलं नसेल. सही करताना माणूस कसा दिसतो ते आमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. कुणी घाई करतं, कुणी हसतं, कुणाचा हात कापतो आणि तो म्हणतो, पेन बरोबर नाही हो.

एवढ्या माणसांत माझी बोलती बंद केली ती एकट्या पाटलांनी.

ते मांडवा आणि रेवसच्या मधल्या एका कोळीवाड्याचे पाटील. म्हणजे सरकारी पाटील नव्हेत, जमातीचे पाटील. तरुणपणी परदेशी जहाजांवर खलाशी होते, उजवा पाय जरा ओढत चालायचे. पहिल्यांदा आले ते वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडायला. मी नेहमीचं हक्कसोड पत्र टाइप करून दिलं. त्यांनी कागद उलटा केला आणि तो प्रश्न विचारला.

मी चिडले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "पाटील, हक्कसोड आहे हे. यात सोडायचंच असतं. ठेवायचं असेल तर आलात कशाला?"

"ओट्यावर बसायचं ठेवलंय," ते शांतपणे म्हणाले. "सांजचं मी तिथं जाले विनायला बसतो. आनि मागल्या विहिरीचं पानी. त्या पान्याबिगर मना डाल गोड लागत न्हाय."

"भाऊ काय ओट्यावरून उठवणार आहे का तुम्हाला?"

"भाव न्हाय उठवणार. भावाचा नातू उठवल. त्याला मी कुठं वलखतो?"

लिहिलं बाई. ओट्यावर बसण्याचा आणि विहिरीचं पाणी नेण्याचा हक्क लिहून देणाऱ्याने स्वतःकडे हयातभर राखून ठेवला आहे. आत निबंधक साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, डाळीचा उल्लेख राहिला." पण नोंदवलं. त्या दिवशी पाटलांनी मला वर्तमानपत्रात बांधून सुकट दिली. ती मी टेबलाच्या खणात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत कचेरीतली मांजरं माझ्या पायाशी बसून होती.

पुढे ते येत राहिले. कधी गावातल्या कुणाबरोबर साक्षीदार म्हणून, कधी नुसतेच. एकदा दुपारी सर्व्हर बंद पडला. आता सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे सगळा गाव झाडाखाली येऊन बसतो, पुढचे दोन तास कुणाला काही काम नसतं. मी विचारलं, "पाटील, हे उलटं बघायचं खूळ कुठून लागलं तुम्हाला?"

"सामोआतून," ते म्हणाले. जणू शेजारचं थळ किंवा किहीम म्हणावं तसं.

त्यांचं जहाज पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवरच्या पांगो पांगो बंदरातून डबाबंद मासळी उचलायचं. त्या बंदरात ते जहाजाच्या फळीवरून खाली पडले, पाय मोडला. जहाज थांबणार थोडंच? ते गेलं निघून, आणि हे तिथल्या इस्पितळात. शेजारच्या खाटेवर एक थोराड म्हातारा होता. तो तिथल्या एका मोठ्या कुळाचा प्रमुख. तिथं प्रत्येक कुळ आपला प्रमुख निवडतं, त्याला पदवी देतं आणि कुळाच्या जमिनीचं तोच बघतो. "आपला जमातीचा पाटील असतो ना, तसाच," पाटील म्हणाले. म्हाताऱ्यानं यांना बरं झाल्यावर आपल्या घरी नेलं. पुढचं जहाज मिळेपर्यंत कित्येक महिने हे तिथंच.

"घराला भिंतीच न्हायत, बाय! नुसतं खांब आनि वर छप्पर. इकडून समुद्र दिसतो, तिकडून डोंगर. मी बोललो, चोर आला तर? तर म्हातारा बोलला, आला तर सगल्यांना दिसल."

तिथं कसली तरी मुळी कुटून तिचं पाणी करवंटीतून देतात. मातीसारखी चव, जीभ बधिर होते. पण कुणाला आधी, कुणाला मागून, हे ठरलेलं. यांना अगदी शेवटी मिळायचं. "पन मिलायचं," पाटील बोट वर करून म्हणाले.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. सव्वाशे वर्षांपूर्वीची. जर्मन, इंग्रज आणि अमेरिकन अशा तिघांनी तिकडे लांब कुठंतरी टेबलावर बसून ती बेटं आपापसात वाटून घेतली. बेटावरच्यांना कुणी विचारलं नाही. नंतर अमेरिकेचा आरमारी अधिकारी कागद घेऊन आला, की तुमची बेटं तुमच्या राजीखुशीनं आमच्या झेंड्याखाली द्या.

"आता राजीखुशी काय उरली व्हती?" पाटील म्हणाले. "बंदरात तोफा घेऊन जहाज हुबं. पन त्ये प्रमुख लोक एकत्र बसले. एकेकानं नाव घातलं. राज्य दिलं, झेंडा घेतला. आनि त्याच कागदात लिवून घेतलं, आमची जमीन आमच्या कुलांची. ती तुमी राखायची. आजबी तिथं भायेरचा मानूस जमीन घेऊ शकत न्हाय, बाय. मी बघून आलोय. एवढं मोठं राज्य आलं, पन त्या म्हाताऱ्याचं घर बिनभिंतीचं ते बिनभिंतीचंच."

चौलचा एक वाडीवाला सुपाऱ्यांच्या बागेच्या वाटणीला आला होता, तो तोंडातलं पान चघळायचं विसरला.

मला मात्र माझा धंदा आठवला. विचारलं, "मग अमेरिकेनं तो दस्त लगेच नोंदवला का?"

पाटील हसायला लागले. "कुठला! कागद नेला आनि ठेवला कपाटात. त्यांच्या दिल्लीनं हो म्हनायला पंचवीस-तीस वरसं लावली."

शप्पथ सांगते, मला राग आला. माणसांनी राज्य लिहून दिलं आणि समोरच्यानं साधी पोच दिली नाही! "आमच्याकडे असं चालत नाही," मी म्हणाले, आणि सर्व्हर बंद असलेल्या त्या कचेरीसमोर सगळे इतके हसले की शिपाई बाहेर आला.

त्या गोष्टीत आणखी एक माणूस होता. लांब पूर्वेकडच्या छोट्या बेटांचा राजा. तो सही करीना. चार वर्षं करीना. शेवटी त्यानंही केली, आणि तिथले लोक सांगतात की तो म्हणाला, माझ्यामागं ही पदवी नाही, ती माझ्याबरोबर जाईल. हे सांगताना पाटलांचा आवाज उतरला. "रागानं बोलला असल," ते म्हणाले. "लई दुखलं असल त्याला." मग सर्व्हर आला आणि सगळे उठले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या गावाची पाळी आली.

गावाच्या पुढ्यात खळं आहे. म्हणजे मासळी वाळवायची मोकळी वाळूची जागा. बांबूच्या ओळी, त्यांच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले बोंबील. खाली जाळ्यांवर सुकट, जवळा. सातबाऱ्यावर ती जागा समस्त कोळी जमातीच्या नावावर. खळ्याच्या टोकाला पाण्यात एक खडक आहे, नारळी पौर्णिमेला गाव तिथून दर्याला नारळ देतं. आणि नेमकी तीच जागा एका कंपनीला शौकीन लोकांच्या बोटी लावायला हवी होती. बदल्यात गावाला बर्फाचा कारखाना, पक्की जेट्टी आणि पोरांना कामं मिळणार होती.

गावाला नको होतं असं समजू नका. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. शिकलेली पोरं पुढाऱ्यांच्या, नटांच्या बंगल्यांवर गेट उघडायला जातात. बर्फासाठी गाड्या लांबून मागवाव्या लागतात. हो म्हणणाऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

जमात बसली तेव्हा पाटलांनी मला बोलावून घेतलं, कारण जे ठरेल ते तिथल्या तिथं लिहायचं होतं. मी बायकांमध्ये, पाटलांच्या लेकीशेजारी बसले. ही लेक नवरा गेल्यापासून वडिलांकडेच होती, आणि खळ्यावरच्या सहा ओळी तिच्या. पाटलांना मुलगा नव्हता. त्यांच्या मागं पाटीलकी लेकीला द्यायची असं गावानं ठरवलं होतं, आणि त्या गोष्टीचा गावाला अभिमानही होता.

त्या गावची रीत तुम्हाला सांगायला हवी. होड्यांना आता इंजिनं आली, पण प्रत्येक घरात एक जुनं वल्हं असतं. जमातीला येताना घरटी एकजण ते घेऊन येतो. ठराव मान्य असेल तर वल्हं जमिनीवर आडवं ठेवायचं. मान्य नसेल तर उभं धरायचं. एक जरी वल्हं उभं राहिलं तरी ठराव होत नाही. आणि दुसऱ्याचं वल्हं दुसऱ्यानं आडवं करायचं नाही. ज्याचं त्यानं, किंवा तो ज्याच्या हातात देऊन जाईल त्यानं.

एकेक वल्हं आडवं होत गेलं. वाळूवर होतो तसा मऊ आवाज. शेवटी एकटे पाटील उरले, वल्हं उभं धरून. कंपनीचे वकील खुर्चीवर बसले होते, पांढरा शर्ट, सभ्य तरुण माणूस. ते घड्याळ बघायला लागले. कुणी पाटलांना घाई केली नाही. इतकी माणसं, पोरंबाळंसुद्धा, नुसती त्यांच्याकडे बघत बसलेली. एवढी सत्ता हातात असलेला माणूस मी कचेरीत कधी पाहिला नाही, आणि ती सत्ता म्हणजे काय, तर एक लाकूड.

"मी आडवा येत न्हाय," अखेर ते म्हणाले. "गावाला द्यायचं हाय, तर देऊ. पन ठेवायचंय ते आधी लिवायचं. सोडायचंय ते मागून."

वकील हसून म्हणाले, "काय ठेवायचंय, पाटील?"

"खडक. आनि गावातनं खडकाकडं जायची वाट. भरतीला, ओहोटीला आनि उधानाला. कायमची."

"वाट एकच ना?"

"वाट एकच," पाटील म्हणाले. "पानी तीन."

वकिलांना ते गंमतीचं वाटलं. लिहा, लिहा, म्हणाले. त्यांनी जागा पाहिली होती, मी विचारलं होतं. एकदाच, भर ओहोटीला, बूट घालून. मीही लिहिलं. ओहोटीची वाट, भरतीची वाट व उधाणाची वाट, गावातील कोणीही, केव्हाही, विनाअडथळा. पाटलांनी ते कलम मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, वकिलांकडे तोंड करून. माझा घसा बसला. मग त्यांनी कागद उलटा केला, मागची बाजू बघितली, या खेपेला काही विचारलं नाही, आणि वल्हं आडवं ठेवलं.

माझ्या शेजारी लेक रडत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

कचेरीत नोंदणीच्या दिवशी आणखी एक तमाशा झाला. अंगठ्याचं यंत्र पाटलांचा अंगठा घेईना. दोरखंडांनी सगळ्या रेषा खाल्लेल्या. पुसला, दाबला, फुंकर मारली, तरी यंत्र लाल ते लालच. "बघ बाय," ते मला म्हणाले, "अंगठा पन नको बोलतोय." सगळे हसले, तेही हसले. शेवटी डाव्या हाताचा घेतला. बाहेर आल्यावर मात्र ते माझ्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिले. मी चहा मागवला, तो निवला.

"पाटील, बरं नाही का वाटत?"

"त्या बेटावरच्या लोकांनी नावं घातली तवा त्यांना असंच वाटलं असल," ते म्हणाले.

मी निवलेला चहा बाजूला सारला आणि दुसरा सांगितला.

मोजणीवाले आले ते पुढच्या वर्षी. कुंपणाची भिंत आखायची होती. वकील आता करार हातात घेऊन आलेले. मोजणीदार मोठा काटेकोर माणूस. म्हणाला, आधी राखीव वाटा दाखवा, नकाशावर घेतो. पाटलांनी दाखवल्या. ओहोटीची वाट अगदी पाण्याच्या कडेनं, ओल्या वाळूतून. भरती चढली की ती बुडते, मग खळ्याच्या मधोमध जायचं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी मध्यापर्यंत येतं, मग मागून, केवड्याच्या बनाला धरून. मोजणीदार तीन दिवस थांबला, तिन्ही पाण्यांना पँट वर करून चालला आणि तीन रेघा काढल्या. मग त्यानं नकाशा वकिलांच्या पुढे धरला. भिंत कुठूनही घ्या, ती एखाद्या वाटेवर उभी राहत होती. इमारत घ्यायची तरी तेच. कडेनं एक, मधून एक, मागून एक. खळ्यावर भिंत म्हणून बांधताच येत नव्हती.

मी तिथं होते. वकिलांचा चेहरा बघून मला दया आली, खरंच. "पाटील, तुम्ही हे आधी सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"तीनदा वाचून घेतलं, साहेब," पाटील म्हणाले. "ही बाय साक्षीला हाय. तुमी उधानाला एकदा यायचंत. मी चालवत नेलं असतं."

त्यात टोमणा नव्हता. तो माणूस खरंच घेऊन गेला असता. मला नंतर आठवलं ते सामोआतलं घर, बिनभिंतीचं. मी कपाळावर हात मारून घेतला. ते कलम माझ्या हातानं लिहिलं, माझ्या तोंडानं तीनदा वाचलं, आणि मला कळलं नाही!

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. बर्फाचा कारखाना जोत्यापर्यंत येऊन थांबला. कंपनी म्हणाली, वाटेचं कलम बदला, एकच वाट ठेवा, मग पुढचं काम करू. गावातली काही माणसं डगमगली. आणि वकील माझ्या टेबलाशी आले. चूक दुरुस्ती पत्राचा मसुदा करून द्या, म्हणाले. लपवून काय करू? मी करून दिला. कुणाचाही कागद लिहिणं हा माझा धंदा, असं मी स्वतःला सांगितलं.

पाटील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मसुदा त्यांना दाखवायला मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवायला मन घेईना. ते ओट्यावर खाटेवर होते, तोच तो भावाच्या घराचा ओटा, दस्तात राखून ठेवलेला. भावाच्या नातवानंच त्यांची खाट उन्हातून सावलीत ओढून दिली.

त्यांनी कागद घेतला. उलटा केला. कोरी बाजू बघितली. हाताची शिरन् शीर दिसत होती.

"कुनी लिवला हा?"

"मी," मी म्हणाले. मान वर करवेना.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. कॉम्प्युटरचं अक्षर! मला हसूही आलं आणि रडूही आलं.

मग ते छताकडे बघत म्हणाले, "तो राजा. पूर्वेकडल्या बेटांचा. मी समजायचो, तो रागानं बोलला. आता ध्यानात येतंय."

"काय?"

"राजाच उरला न्हाय, तर फुडला कागद घेऊन कुनाकडं जानार?"

त्या सामोआतल्या राजाच्या मनात काय होतं, देव जाणे. पण त्या खाटेवरच्या माणसाच्या मनात काय आलं ते मला समजलं.

त्यांनी जमात खाटेपाशी बोलावली, दुसऱ्याच दिवशी सकाळी. ओटा, अंगण, पलीकडचा रस्ता माणसांनी भरला. सगळे वल्ही घेऊन आलेले. वकीलही होते, या खेपेला उभे. पाटलांनी लेकीला जवळ बोलावलं. तिनं त्यांचं वल्हं आणलं होतं.

"माज्या मागं हे तुजं," ते म्हणाले. "गावानं दिलेलं. ते मी तुज्या हातात देत न्हाय. माज्या मागं गावाला पाटील न्हाय. हे नेऊन खल्यावर हुबं गाडायचं. पन तुजं हाय, म्हनून तुला इचारतो. सोडतंस?"

तुम्हाला सांगते, एवढ्या दस्तांवर मी सह्या होताना पाहिल्या, पण कुणी असं विचारलेलं ऐकलं नाही. तिच्या तोंडून एक शब्द, आणि त्या गावाच्या इतिहासातली पहिली पाटलीण व्हायचं तिचं राहून जाणार होतं. ती वडिलांच्या पायाशी बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सोडते, बाबा," ती म्हणाली. "खलं ठेवते."

पाटलांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, ते कुणी पुसलं नाही. त्यांच्या गावात ते वल्हं आता कुणालाच आडवं करता येणार नव्हतं. ज्याचं होतं तो चालला होता, आणि तो ते कुणाच्या हातात देऊन जात नव्हता. आणि ते उभं असेतो वाटेचं कलम बदलायचा ठराव होणार नव्हता. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं आपलं वल्हं उभं केलं. मग दुसऱ्यानं. जे डगमगले होते त्यांनीही केलं. वकिलांनी बघितलं, माझ्या हातातला मसुदा बघितला, आणि पाटलांना वाकून नमस्कार करून ते गेले. चांगल्या घरचा मुलगा, मी अजूनही म्हणते.

चौथ्या दिवशी पाटील गेले.

बर्फाचा कारखाना जोत्यावरच आहे. गाड्या अजून लांबून येतात, आणि त्यावरून अजून भांडणं होतात. कंपनी पुढेमागे कोर्टात जाईल, असंही बोलतात. मी कुठं म्हणते, सगळं गोड झालं? तो मसुदा माझ्या खणात आहे. आता कुणाचाही दस्त लिहून झाला की मी कागद उलटा करते आणि समोरच्याला विचारते, ठेवलंय का काही? बहुतेकांना प्रश्नच समजत नाही. कुणी रागावतात. मध्ये एक म्हातारी मात्र म्हणाली, अंगणातला सोनचाफा ठेवते.

गेल्या आठवड्यात खळ्यावर गेले होते. हिवाळ्याचं ऊन, दोऱ्यांवर बोंबील. पाटलांचं वल्हं मध्यावर उभं आहे, वाऱ्यानं जरा कललेलं. लेकीनं आपल्या नव्या, सातव्या ओळीची दोरी एका बाजूनं बांबूला आणि दुसऱ्या बाजूनं त्या वल्ह्याला बांधली आहे. म्हटलं, "अगं, चालतं का असं?" ती म्हणाली, "ताई, त्यांनी तरी कवा रिकामं बसून दिवस काढला?" आणि बोंबील अडकवत राहिली.

मी पाण्याच्या कडेनं निघाले, तशी तिनं मागून हाक मारली. "खालच्या वाटेनं नको जाऊ, भरती लागली. मधल्यानं जा."

मी मधल्या वाटेनं परत आले.